खारं पाणी आणि डॅफ्नियाची हालचाल : वेगवेगळ्या तळ्यांतल्या समूहांची तुलना कशी करावी

गोड्या पाण्यातल्या प्राण्याला खाऱ्या पाण्यात सोडलं की त्याचं पोहणं बदलतं, एवढं कुणालाही दाखवता येतं. अवघड आहे ते पुढचं. खाऱ्या तळ्यातला समूह गोड्या तळ्यातल्यापेक्षा वेगळा वागला, तर तो फरक पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे की केवळ वाढवण्यातल्या फरकाने दिसतोय, हे सिद्ध करावं लागतं. या प्रयोगातली बहुतेक कष्टाची कामं त्यासाठीच आहेत. व्हिडिओ काढणं त्या मानाने सोपं.

डॅफ्निया मॅग्ना हा काही मिलिमीटरचा, कवचधारी, गोड्या पाण्यातला प्राणी या कामाला उत्तम. मादी नराशिवाय पिल्लं देते आणि ती सगळी जनुकीयदृष्ट्या आईसारखीच असतात, म्हणजे एकच क्लोन (एका मादीपासून झालेला असा एकसारखा वंश) प्रयोगातल्या चारही खारेपणांत तपासता येतो. बहुतेक माशांच्या बाबतीत ही सोय नाही.

समूह आणि क्लोन

कमीत कमी सहा तळी घ्या : तीन खारी, तीन गोडी. एका खाऱ्या आणि एका गोड्या तळ्याची तुलना करून ‘खाऱ्या तळ्यातले प्राणी असे वागतात’ असं म्हणता येत नाही. त्या तळ्यांत मासे, शेवाळ, खोली असे शंभर फरक असतात. प्रत्येक तळ्यातून चार माद्या वेगळ्या करून चार क्लोन सुरू करा. पकडतानाच तळ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता आणि तापमान लिहून ठेवा. ती नोंद नंतर मिळवता येत नाही.

मग धीर लागतो. सगळे क्लोन एकाच माध्यमात (म्हणजे ठरावीक क्षार असलेल्या, वाढवण्याच्या पाण्यात), २० अंश सेल्सिअसला, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार ठेवून तीन पिढ्या वाढवा. आईने खारं पाणी भोगलेलं असेल तर तिच्या पिल्लांची सहनशक्ती बदललेली असू शकते, आणि हा वारसा जनुकांचा नसतो. तो धुऊन निघायला तीन पिढ्या लागतात असं धरा. प्रत्येक वेळी पुढची पिढी तिसऱ्या विणीच्या पिल्लांपासून सुरू करा, कारण पहिल्या विणीची पिल्लं लहान निघतात. सगळं मिळून दीड महिना जातो. हा दीड महिना वाचवलेला प्रयोग माझ्या मते करूच नये.

गर्दी सगळीकडे सारखी हवी : एका प्राण्याला ५० मि.ली. पाणी. हिरवं शेवाळ रोज प्रत्येक प्राण्यामागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम कार्बन इतकं द्या. उपाशी डॅफ्निया वेगळं पोहतो. माशांच्या टाकीतलं पाणी कुठेही वापरू नका; माशांनी सोडलेल्या रसायनांचा सुगावा लागला तरी डॅफ्नियाचं वागणं बदलतं.

मीठ

शुद्ध सोडियम क्लोराईड वापरा. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ असतात. समुद्री मीठ वापरायचं तर सगळीकडे तेच वापरा, कारण त्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतं आणि त्याचा परिणाम नुसत्या सोडियम क्लोराईडसारखा नसतो. नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी समुद्राच्या पाण्याची खारेपणाची मापं वापरू नका. लिटरला किती ग्रॅम ते लिहा.

लिटरला १०० ग्रॅम असं मूळ द्रावण करा. ते शुद्ध पाण्यात न करता वाढवण्याच्या माध्यमातच करा. नाहीतर ४ ग्रॅमच्या पातळीसाठी लिटरमागे ४० मि.ली. घालताना माध्यमातलं कॅल्शियम ४ टक्क्यांनी पातळ होतं आणि तो बदल मिठाच्या नावावर जमा होतो. पातळ्या ०, १, २ आणि ४ ग्रॅम ठेवून सुरुवात करा. ‘शून्य’ म्हणजे वरून घातलेलं मीठ शून्य. माध्यमातले क्षार असतातच.

प्रत्येक बाटलीची विद्युतवाहकता मोजा. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणाने मीटर आधी जुळवा. २५ अंशांना ते १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर दाखवायला हवं. लिटरला एक ग्रॅम मीठ वाढलं की साधारण २ मिलिसीमेन्स वाढतात, पुढच्या ग्रॅमांना किंचित कमी. यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर वजनात चूक आहे.

मुख्य प्रयोगाआधी सर्वांत नाजूक क्लोनवर ४८ तासांची छोटी चाचणी घ्या. ४ ग्रॅमला दहात एकाहून जास्त प्राणी निपचित पडत असतील, तर वरची पातळी ३ करा. मरणाऱ्या प्राण्याचा मंद वेग हे वागणुकीचं मोजमाप नव्हे.

चढवणं आणि चित्रण

पिल्लं चार दिवसांची झाली की अर्ध्या पातळीत २४ तास, मग पूर्ण पातळीत २४ तास ठेवा आणि सहाव्या दिवशी चित्रण करा. एकदम खाऱ्या पाण्यात सोडलं तर पहिली काही मिनिटं नुसत्या उड्या दिसतात. तो धक्का असतो. धक्का मोजायचा असेल तर तो वेगळा प्रयोग करा, दोन्ही एकत्र मिसळू नका.

सहा खळग्यांच्या चार प्लेटा दोन-दोन करून शेजारी लावा. खळग्याचा व्यास सुमारे ३५ मि.मी. असतो, त्यात ५ मि.ली. पाणी घातलं की खोली ५ मि.मी.च्या आसपास राहते आणि हालचाल जवळपास सपाट पातळीत होते. डॅफ्नियाचं खरं पोहणं वर-खाली असतं, हे मात्र विसरू नका. या मांडणीतून ‘किती आणि कसा फिरतो’ ते कळतं, ‘कुठल्या खोलीवर राहतो’ ते नाही.

खालून ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश द्या, कॅमेऱ्याला तसाच फिल्टर लावा आणि वरचा दिसणारा उजेड सगळीकडे सारखा ठेवा. उजेड एका बाजूने आला तर प्राणी एकाच कडेला गोळा होतात आणि सगळा निकाल उजेडाचा ठरतो. कॅमेरा निदान ८० सें.मी. उंच ठेवा, जवळ ठेवला तर बाजूच्या खळग्यांच्या भिंती प्राण्याला झाकतात. १९२० बाय १०८० च्या चित्रात एका मि.मी.ला सहा पिक्सेल मिळतात, म्हणजे अडीच मि.मी.चा डॅफ्निया पंधरा पिक्सेलचा दिसतो. तेवढं पुरतं. प्रकाशाच्या पाटीने पाणी तापतं का, ते प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर मोजून बघा. अर्ध्या अंशाच्या वर फरक नको.

प्राणी उचलायला प्लास्टिकच्या ड्रॉपरचं टोक कापून रुंद करा. आधी त्याच खारेपणाच्या पाण्यात बुडवा आणि मग खळग्यात पृष्ठभागाच्या *खाली* सोडा. वरून थेंब टाकला तर कवचाखाली हवा अडकते; मग प्राणी पृष्ठभागाला चिकटून शृंगिका (डोक्यावरचे पोहण्याचे अवयव) मारत गोल फिरत राहतो आणि सॉफ्टवेअर त्याला चपळ समजतं. असा तरंगणारा दिसला तर त्याच्यावर एक थेंब पाणी सोडून त्याला बुडवा. तरी वर आला तर वगळा.

५ मिनिटं स्थिरावू द्या, पुढची ५ मिनिटं मोजा. फेरी संपली की ड्रॉपरने पाणी ढवळून १५ सेकंद बघा. तेवढ्या वेळात पोहला नाही तो निश्चल. त्याची नोंद वेगळी ठेवा, वेगाच्या सरासरीत शून्य म्हणून घालू नका.

सहा तळी, चार क्लोन, चार पातळ्या, म्हणजे दिवसाला ९६ प्राणी. पाच फेऱ्यांत बसतात. असं पाच दिवस करा. रोज सगळे समूह आणि सगळ्या पातळ्या आल्याच पाहिजेत, आणि कुठला प्राणी कुठल्या खळग्यात ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. सोमवारी गोडे आणि मंगळवारी खारे असं केलं तर दिवस आणि समूह यांची गाठ कधीच सुटत नाही.

प्रत्येक फेरीत एका खळग्यात मेलेला डॅफ्निया ठेवा. तो हलत नसतो, तरी मोजणीत त्याला थोडा ‘वेग’ दिसतोच. तो चित्रातल्या थरथरीचा. त्या थरथरीच्या वरचीच हालचाल खरी धरा.

मोजणी

व्हिडिओतल्या प्राण्याचा मार्ग काढायला इमेजजे या सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकमेट किंवा टॉक्सट्रॅक चालेल. प्रत्येक प्राण्याचा मार्ग चित्रावर चढवून डोळ्यांनी बघा. नेहमीचा घोटाळा असा : प्राणी मध्येच कात टाकतो, पारदर्शक कात पाण्यात तरंगते आणि मार्ग प्राण्यावरून कातीवर उडी मारतो. आलेखात तो क्षणभराचा अशक्य वेग आणि नंतर लांब शांतता असा दिसतो. कात टाकलेला प्राणी ताजाताजा मऊ आणि मंद असतो, म्हणून तो वेगळा नोंदवा. पाठीच्या पोकळीत अंडी दिसत असतील तर तेही लिहा.

सरासरी वेग, हलण्यातला वेळ, वळण्याचे कोन आणि कडेपासूनचं अंतर एवढी चार मापं पुरतात. डोळ्याच्या वरच्या कडेपासून शेपटीच्या काट्याच्या मुळापर्यंतची लांबीही मोजा. मोठा डॅफ्निया जोरात पोहतो. एका समूहातले प्राणी मुळातच मोठे असतील तर वेगातला फरक आकाराचाच असू शकतो.

विश्लेषणात खारेपणा, समूह, त्यांचा परस्परप्रभाव (खारेपणाचा परिणाम समूहागणिक बदलतो का) आणि लांबी हे स्थिर घटक, म्हणजे ज्यांचा परिणाम आपल्याला मोजायचा आहे ते. क्लोन आणि दिवस हे यादृच्छिक घटक, म्हणजे ज्यांच्यामुळे येणारा चढउतार फक्त हिशेबात धरायचा आहे ते; आणि प्रत्येक क्लोनला खारेपणाचा स्वतःचा उतार द्या, म्हणजे मीठ वाढताना वेग किती बदलतो ते क्लोनागणिक वेगळं असू द्या. तो उतार सोडला तर एका क्लोनची वीस पिल्लं वीस स्वतंत्र पुरावे असल्यासारखी मोजली जातात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ज्याला छद्म-पुनरावृत्ती म्हटलं, ती हीच चूक.

उत्तर परस्परप्रभावात आहे. खारे समूह सगळ्या पातळ्यांवर सारखेच जलद असतील, तर ते नुसते जलद आहेत. खारेपणाशी त्याचा संबंध लागत नाही. मीठ वाढत गेल्यावर गोड्या समूहांचा वेग उतरतो आणि खाऱ्यांचा टिकतो, म्हणजे रेषांचे उतार वेगळे पडतात, तेव्हाच समूहांचा प्रतिसाद वेगळा आहे असं म्हणता येतं. प्रत्येक क्लोनची रेषा आलेखात स्वतंत्र काढा. बऱ्याचदा समूहाची सरासरी एकाच हट्टी क्लोनने ओढलेली असते.

उरलेले प्राणी आणि पाणी कुठल्याही तळ्यात ओतू नका. त्यांची सुप्त अंडी कोरडेपणा आणि थंडी दोन्ही सोसतात आणि दुसऱ्या तळ्याचा क्लोन तिथे रुजला तर त्या तळ्याच्या समूहाचा इतिहासच मिसळून जातो. सगळं पाणी उकळा, मगच टाका.