कोयता-खुरपं लागलं तर काय करायचं (आणि काय नाही)

सांगलीकडं ऊसतोड न् हळद काढणी सुरू झाली की हाताला कापणं ठरलेलंच. मग कुणी दगडी पाला चोळून आणतं, कुणी हळद दाबतं, कुणी चुना नाहीतर तंबाखू. जरा थांबा. जखम शरीरच भरून काढतं, आपण फक्त घाण काढायची आणि आड यायचं नाही.

आधी स्वच्छ कापडानं 10 मिनिटं घट्ट दाबून धरा, मधेच उघडून बघायचं नाही, कारण रक्त गोठत असतं आणि आपण बघायला गेलो की परत सुटतं. थांबलं की पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली भरपूर धुवा, माती, पाचटाचे कण सगळे निघेपर्यंत. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या, लोक हेच उरकतात. स्पिरिट जखमेत ओतू नका, जंतूंबरोबर नव्या पेशीपण मरतात.

हळदीचं म्हणाल तर सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मलापण अभिमान आहे, पण पोत्यातली पावडर निर्जंतुक नसते, ती जेवणातच घ्या.

मग थोडं व्हॅसलीन आणि पट्टी, रोज बदलायची. "उघडी ठेव, वाळू दे" हे सोडा आता. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं येते.

पहिले दोन-तीन दिवस कडेला लाल, गरम, ठणकतं, तिथं पांढऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात, घाबरू नका. खपली काढू नका. डाळ, शेंगदाणे, पेरू खा, अंडीपण खा, अंड्यानं जखम चिघळते हे खरं नाही. तंबाखू, मिश्री मात्र बंद, रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम रेंगाळते.

लाली पसरायला लागली, पू, ताप आला, बोट वाकेना किंवा रक्तच थांबेना तर सरळ दवाखाना गाठा, शुगरवाल्यांनी तर छोट्या जखमेलापण दाखवायचं.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. जखमेत माती-शेण गेलं असेल आणि आधीच्या डोसला 5 वर्षं झाली असतील तर घ्याच, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं. इथं शरीरावर सोडून चालत नाही, धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालापण पुढच्या वेळची प्रतिकारशक्ती येत नाही, त्यालापण लस घ्यावीच लागते.