जर्मनीला निघालात? मग जर्मन मराठीतूनच शिका

सोलापुरातून जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: इंग्रजीवर भागेल का? इंग्रजीतल्या एमएसच्या वर्गात आणि बऱ्याच आयटी कंपन्यांत भागतं. बाहेर नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्या कार्यालयाचा कारभार, टपालाने येणारी सरकारी पत्रं, घराचा करार, सगळं जर्मनमध्ये. भाषेच्या पातळ्या ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ अशा सहा; नर्सिंगसाठी साधारणपणे त्यातली चौथी, बी२ पातळी लागते. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असणाऱ्यांना, बाकी अटी पूर्ण असतील तर ए१ वर २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनी. म्हणून विमानात बसण्याआधी निदान ए१ उरका. त्याला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरा.

शिकताना मात्र इंग्रजी मध्ये घालू नका. आपल्या सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेलं मराठी पोरगं तेलुगू काय इंग्रजीतून शिकतं?

थंडी वाजली की इंग्रजीतून विचार करणारा म्हणतो, ‘इश बिन काल्ट’. त्याचा अर्थ होतो, मी थंड स्वभावाचा माणूस आहे. बरोबर वाक्य ‘मिर इस्ट काल्ट’. मिर म्हणजे मला. आपण ‘मला थंडी वाजते’च म्हणतो. ‘कारण मी आजारी आहे’ घ्या: वाइल इश क्रांक बिन. शब्दाला शब्द, क्रियापद शेवटी. बेचाळीसमध्ये आपण दोन आधी म्हणतो, जर्मनही ‘त्स्वाय-उन्ट-फियरत्सिश’, दोन आणि चाळीस. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा फोन नंबर लिहिताना ४२ चे २४ करून बसतो.

लिंगं तीन आहेत, आपल्यासारखीच, पण जुळत नाहीत. नामाआधी पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला दास लागतं. चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल, सुरी दास मेसर. वहीत नुसतं ‘गाबेल’ लिहू नका, ‘डी गाबेल’ लिहा. नंतर डेर-डी-दास वेगळं पाठ करणं फार जड जातं.

एका ठिकाणी मराठीही फसवते. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. तिसऱ्या तासाचा अर्धा. साडेतीन समजून गेलात तर डॉक्टरची वेळ तासाभरापूर्वीच टळलेली असते.

तिथे गेल्यावर खरी अडचण वेगळीच येते. तुम्ही अडखळलात की समोरचा भलेपणाने इंग्रजीवर येतो, आणि तुमचं बोलणं तिथेच थांबतं. तेव्हा म्हणा, ‘बिटे आउफ डॉइच, लांगझाम’: कृपया जर्मनमध्ये, सावकाश. दवाखान्यात फोन करण्याआधी नाव, जन्मतारीख आणि काय दुखतंय ही तीन वाक्यं कागदावर लिहून मोठ्याने दोनदा वाचा. सरकारी पत्राचा मोबाइलवर अनुवाद करा, पण मुदतीची तारीख मूळ जर्मन मजकुरातूनच टिपा. शासकीय निर्णयावर आक्षेप घ्यायला बहुधा एकच महिना असतो.