नोकरी सांभाळून पहिला प्लॉट

मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, सुट्टी फक्त रविवारची. म्हणून प्लॉट बघायचे तेही रविवारीच, आणि जमलं तर भर पावसाळ्यात. बेसाकडे एका ले-आऊटमध्ये माझी चप्पल काळ्या मातीत अशी रुतली की हातानं उपसावी लागली. उन्हाळ्यात तोच प्लॉट मला फार आवडला होता!

कागद मात्र रात्री जेवण झाल्यावर घरीच बघता येतात. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा फुकट दिसतो. आधी 'इतर हक्क' वाचा, बँकेचा बोजा तिथंच सापडतो. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मग एनए म्हणजे बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, आणि महारेरा या घर-प्लॉट प्रकल्पांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडची नोंदणी बघा. जुन्या ले-आऊटमध्ये आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले की चहा पिऊन निघा. मी निघालो नाही, 21 हजार बयाणा दिला. परत मिळायला आठ महिने लागले.

हप्ता पगाराच्या चौथाईत बसवा. प्लॉटला भाडं येत नाही, हे बायकोनं मला दोनदा समजावलं. रजिस्ट्रीसाठी एक रजा शिल्लक ठेवा, आणि सातबाऱ्यावर फेरफार होऊन तुमचं नाव चढलं का तेही बघा.