घाटात ड्रोन उडवण्याआधी परतीची उंची बदला
सह्याद्रीत ड्रोन परतताना कड्यावर आदळतो, त्यामागचं कारण साधं आहे. स्क्रीनवर दिसणारी उंची ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे, उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. पायथ्याच्या गावातून उडवून तो डोंगराच्या सोंडेपलीकडे नेला आणि सिग्नल तुटला, की ठरलेल्या उंचीवरून तो सरळ रेषेत माघारी निघतो. परतीची उंची ३० मीटर आणि सोंड ८० मीटर असेल, तर थेट कातळावर!

म्हणून वाटेतला सर्वांत उंच अडथळा, झाडांसकट, बघा; त्यात ३० मीटर मिळवा आणि ‘रिटर्न टू होम’ या आपोआप परतीच्या सेटिंगमध्ये तोच आकडा भरा. ‘होम पॉइंट’ची, म्हणजे परतण्याच्या जागेची, नोंद झाल्याशिवाय ड्रोन हलवू नका. सोंड फारच उंच असेल तर पठारावरून उडवा. पण कडा ओलांडला की १२० मीटरच्या कायदेशीर मर्यादेत खालची दरीही मोजली जाते, हे विसरू नका.

परतताना समोरून वारा असेल तर जास्त बॅटरी लागते. ५० टक्क्यांवर वळाच. घार मागे लागली तर ड्रोन खाली नको, सरळ वर चढवा. संरक्षित किल्ले आणि अभयारण्यांसाठी आधी लेखी परवानगी घ्या.