वरचा होज चटका देणारा, खालचा गार: थर्मोस्टॅट बदलला

घाटात आमच्या जुन्या डिझेल ट्रकचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकायचा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदललं, रेडिएटर धुऊन आणला, झाकण नवं घेतलं, फरक शून्य. दोन महिने नुसता वैताग. शेवटी इंजिन आणि रेडिएटर जोडणारे होज (रबरी नळ्या) चाचपले: वरचा तापलेला, खालचा गार. म्हणजे कूलंट तापल्यावर त्याला वाट देणारी झडप, थर्मोस्टॅट, उघडतच नसावी.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं, थोडं कूलंट बादलीत काढलं, थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग खोललं. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून पाहिला. त्यावर उघडण्याचं तापमान ८२ अंश कोरलेलं, पण पाणी खदखदलं तरी तोंड मिटलेलंच! नवाही आधी असाच तपासला. सांध्यातून गळती रोखणारं जुनं गॅस्केट खरवडलं, नवं लावलं. स्प्रिंग इंजिनाकडे, हवा बाहेर सोडणारी पिन वर. बोल्ट आलटून पालटून आवळले. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहिलो. काल भरल्या गाडीने घाट चढलो, काटा मध्यावरच.