इंटरमेंट: आजोबांना अटक कोणी केली?

भाषांतराची कामं घ्यायला लागून दुसराच महिना होता. एका घराण्याचा इतिहास मराठीत आणायचा होता. आजोबांच्या निधनानंतर चार दिवसांनी 'इंटरमेंट', अशी नोंद होती. मी बिनधास्त 'स्थानबद्धता' लिहून मोकळा झालो. नातवाचा फोन आला, "गेल्यावर आजोबांना अटक कोणी केली हो?"

मी वाचलं होतं 'इंटर्नमेंट'. तिथे मधे एक 'एन' जास्त असतो, आणि 'टर'वरून नजर थेट 'मेंट'वर उडी मारते. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलचेकर हूं की चूं करत नाही. त्याच्या भरवशावर मजकूर पाठवू नका. अजिबात नाही.

फरक मुळातून समजून घ्या. लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे जमीन, टेराकोटातला तोच. इंटरमेंट म्हणजे जमिनीच्या पोटात ठेवणं, दफन. इंटर्नमेंट आलं 'इंटर्नस' म्हणजे 'आतला' यावरून. दवाखान्यातला इंटर्न त्याच कुळातला. १९४२ पासून अमेरिकेने जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना छावण्यांत डांबलं, ते इंटर्नमेंट. कुंपण दिसलं तर एन ठेवा, माती दिसली तर काढा. उच्चारात दोन्हीकडे जोर 'टर'वरच, म्हणून कानावरही विसंबू नका.

'संदर्भावरून अर्थ लावायचा, कोश कशाला उघडता' म्हणणारे एक ज्येष्ठ मला लाभले होते. चूक माझीच, पण हा सल्ला नवख्याला देऊ नये. आधी शब्द तरी नीट वाचलेला हवा ना!

बाकी शब्द गरीब आहे, घाबरू नका. फ्यूनरल म्हणजे सगळा अंत्यविधी, इंटरमेंट म्हणजे त्यातलं फक्त जमिनीत ठेवणं. 'प्रायव्हेट इंटरमेंट' लिहिलं असेल तर तिथे फक्त घरची माणसं. अस्थींसाठीही हा शब्द चालतो. तिथे 'दफन' चिकटवण्यापेक्षा 'अस्थी भूमीत ठेवल्या' बरं. बोलताना मात्र लोक 'बरिअल'च म्हणतात. आणि मराठीत आपण जुन्या वादालाही मूठमाती देतो, म्हणून इंग्रजीत वादाचं इंटरमेंट करायला जाऊ नका, हसतील.

नातवाने काम काढून घेतलं नाही. दुरुस्त प्रत पाठवण्याआधी त्या एका ओळीवर मी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं, शाळेत पाढे वाचायचो तसं.