घर नंतर, आधी स्टेशन

दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी भाच्याचा नाहीतर मावसबहिणीच्या मुलीचा फोन येतो. "ताई, न्यूयॉर्कला जॉब लागलाय. राहायला एडिसन बरं ना?" न्यू जर्सीतलं हे एडिसन चांगलंच आहे. ओक ट्री रोडवर थोडं चाललात तरी पाणीपुरीपासून पूजेच्या सुपारीपर्यंत सगळं मिळतं आणि परदेशात आल्याचा धक्का निम्म्याने कमी होतो. पण मी आधी एकच विचारते: ऑफिस नक्की कुठल्या रस्त्यावर? "मॅनहॅटनमध्ये" हे उत्तर चालत नाही. मी डोंबिवलीची. नोकरी सीप्झला की नरिमन पॉइंटला, यावर घरातल्या चहाची वेळसुद्धा ठरते हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. इथे आल्यावर मात्र तेच शहाणपण आपण विमानात विसरून येतो.

न्यू जर्सीतून हडसन नदीपलीकडे मॅनहॅटनला रेल्वेने जायचे मुख्य मार्ग दोन. एक पाथ (PATH). लहान गाडी, चोवीस तास चालते. नेवार्क, हॅरिसन, जर्नल स्क्वेअर, ग्रोव्ह स्ट्रीट, होबोकेन ही तिची स्टेशनं. एक फाटा वर्ल्ड ट्रेड सेंटरला जातो, दुसरा 33व्या रस्त्याला. दुसरी न्यू जर्सी ट्रान्झिटची मोठी गाडी. तिच्या मुख्य मार्गावर प्रिन्स्टन जंक्शन, न्यू ब्रन्सविक, एडिसन, मेटचन, मेटरोपार्क अशी उपनगरं येतात आणि ती मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला सोडते. ऑफिस वॉल स्ट्रीटकडे असेल तर जर्सी सिटीहून पाथने दहा-पंधरा मिनिटांत पोचाल. पेन स्टेशनपासून चालत असेल तर मेटरोपार्क किंवा मेटचनहून गाडीत साधारण पाऊण तास. ग्रँड सेंट्रल या मॅनहॅटनमधल्या दुसऱ्या मोठ्या स्टेशनच्या बाजूला असेल तर पेन स्टेशनला उतरल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं धरायची, आणि ती रोज धरायची.

आता एडिसनची गंमत. एडिसन नावाचं स्टेशन आहे, पण ओक ट्री रोड त्याच्या जवळ नाही. तो गावाच्या उत्तर टोकाला आणि शेजारच्या आयझेलिनमध्ये पसरलाय. तिथून सोयीचं स्टेशन मेटरोपार्क. नकाशावर "एडिसन" वाचून घर घेतलं आणि रोज स्टेशनपर्यंत टॅक्सी केली, असे दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत. न्यू जर्सीत 564 स्वतंत्र नगरपालिका आहेत आणि टपालाच्या पत्त्यातलं गाव व खरं गाव एक असेलच असं नाही. प्लेन्सबोरोतल्या कितीतरी घरांचा पत्ता "प्रिन्स्टन" असतो. जाहिरात वाचताना गावाचं नाव सोडा, स्टेशनपासूनचं अंतर बघा. तेही मोटारीचं नाही, चालण्याचं.

चालण्याचं म्हणजे काय, ते मी 2009 मध्ये शिकले. माझं पहिलं घर रूट वन या हायवेला लागून असलेल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये होतं. भाडं परवडणारं, गॅलरी, पोहण्याचा तलाव. गॅलरीतून समोरच किराण्याचं मोठं दुकान दिसायचं; त्याच्या काचेतली केळ्यांची रास ओळखू यायची इतकं जवळ. मध्ये सहा पदरी रस्ता, सिमेंटचा दुभाजक, फूटपाथ नाही. ओलांडायचं तर सिग्नलपर्यंत गवतातून मैलभर जायचं आणि मैलभर परत यायचं. डिसेंबरात त्या गवतावर बर्फाचा चिखल साचला, तेव्हा मी केळी आणायला शेजाऱ्यांची गाडी कधी निघते याची वाट बघू लागले. इथल्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडे बाहेर पडून गोल फिरावं लागतं. गाडी नसलेल्या माणसाचा विचार ज्याने हा रस्ता आखला त्याने केलेलाच नाही. म्हणून माझा नियम: घरापासून स्टेशन, किराणा आणि औषधाचं दुकान, तिन्हीकडे फूटपाथवरून जाता आलं पाहिजे. नकाशात रस्त्याचे फोटो बघून हे पाच मिनिटांत कळतं.

"स्टेशनपर्यंत गाडीने जाईन की" असं म्हणाल. गाडी ठेवाल कुठे? अनेक स्टेशनांवर पार्किंगचा मासिक परवाना लागतो, गावच्या रहिवाशांना आधी मिळतो आणि काही ठिकाणी प्रतीक्षा यादी काही वर्षांची असते. शिवाय पुष्कळ गावांत रात्री दोननंतर रस्त्यावर गाडी ठेवायला बंदी आहे. पाहुणे राहायला आले तर पोलिसांना आधी कळवावं लागतं, हे आईला फोनवर समजावताना माझी भंबेरी उडाली होती.

तर कुठे राहावं? एकट्या, विशी-तिशीतल्या आणि मॅनहॅटनला रोज जाणाऱ्या माणसाला पहिलं वर्ष मी जर्सी सिटीच सांगते, तेही शक्यतो जर्नल स्क्वेअरजवळ. नदीकाठच्या उंच इमारतींपेक्षा स्वस्त पडतं. नेवार्क ॲव्हेन्यूवरची देशी दुकानं स्टेशनपासून चालत आहेत. तिथे वरचष्मा गुजराती आणि तेलुगू मंडळींचा, त्यामुळे खाकरा ढीगभर आणि गोडा मसाला आईने पाठवलेलाच. हॅरिसन थोडं पुढे, स्टेशनजवळ नव्या इमारती, पण संध्याकाळी जरा सुनंसुनं. होबोकेन सुंदर आणि महाग. सगळं गाव जेमतेम सव्वा चौरस मैलाचं. 2012 च्या सँडी वादळात त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, तेव्हा तळमजला घेण्याआधी पुराबद्दल विचारा. 2024 पासून बहुतेक घरमालकांनी ही माहिती भाडेकरूला लेखी द्यावी असा कायदाच आहे.

जुन्या लाकडी घरांतल्या पोटमाळ्यांना भुलू नका. मी भुलले. उतरतं छत, खिडकीतून दिसणारं मॅनहॅटन, भाडं नवलाचं कमी. जानेवारीचं विजेचं बिल आलं तेव्हा कळलं की हीटर विजेचा आहे आणि भिंतीत थंडी अडवणारं काहीच नाही. मालक म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाहीत." खरं होतं ते. तुम्ही विचारा: हीटर गॅसचा की विजेचा, पैसे कोण भरतं, आणि गेल्या हिवाळ्याचं एक बिल दाखवाल का?

नातेवाईक शाळांचा विषय काढतील. वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, मिलबर्न, शाळा उत्तम. पण लग्नाचाही पत्ता नाही आणि तुम्ही शाळांच्या गुणांकनाचे पैसे भाड्यात भरताय, हे कशासाठी? प्रिन्स्टन जंक्शनहून गाडीतच तास-सव्वा तास जातो. मित्रांबरोबर जेवायला थांबलात की घड्याळ बघत जेवायचं, कारण रात्री गाड्या विरळ होतात. ऑफिस प्रिन्स्टनलाच असेल, किंवा आठवड्यातून एकदाच शहरात जायचं असेल, तर मात्र गोष्ट उलटी. मग तिथेच राहा आणि आधी ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे लागा.

मराठी माणसांसाठी म्हणून लांब उपनगरात जाऊ नका. मराठी विश्व या इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम, गणपती, दिवाळी या सगळ्यासाठी कुणीतरी गाडीने जाणारं भेटतंच. आरतीला ओळख झाली की पुढच्या वेळी तेच "स्टेशनवर उभी राहा" म्हणतात.

पैशांचं थोडक्यात. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये काम केलंत तर न्यूयॉर्क राज्याचा कर भरावा लागतो आणि न्यू जर्सी आपल्या करात त्याचं क्रेडिट देते. न्यूयॉर्क शहराचा वेगळा आयकर मात्र लागत नाही. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, ते व्याजाच्या खात्यात ठेवायचं असतं आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेबासकट परत द्यायचं असतं. मालक स्वतः राहतो अशा लहान घरांना नियम थोडे वेगळे आहेत, तिथे करारात लिहून घ्या. राहायला जाताच प्रत्येक भिंतीचे, ओव्हनचे, बाथरूमच्या फरशीचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. नव्याने आलेल्यांचा क्रेडिट स्कोअर नसतो, त्यामुळे ऑफर लेटर आणि बँकेचा कागद हाताशी ठेवा. कुणी न पाहिलेल्या घराचे पैसे आधी पाठवायला सांगितले तर फोन ठेवून द्या.

सही करण्याआधी एक दिवस खर्च करा. मंगळवार किंवा बुधवार घ्या, रविवार नको. त्या घराच्या दारातून सकाळी आठला निघा आणि ऑफिसच्या लिफ्टपर्यंत जाऊन घड्याळ बघा. पेन स्टेशनला जाणाऱ्या गाड्या 1910 च्या दोन बोगद्यांतून जातात. सँडीत त्यांत खारं पाणी शिरलं होतं, नव्या बोगद्याचं काम सुरू आहे, आणि तोवर एका बोगद्यात काही अडलं की मागच्या सगळ्या गाड्या रांगेत. म्हणून लागलेल्या वेळात वीस मिनिटं मिळवा. मग रात्री दहाच्या सुमारास त्याच स्टेशनवर उतरून घरापर्यंत चालत या. दिवे कुठे संपतात, कुठलं दुकान अजून उघडं आहे, बाकी कुणी चालतंय का, ते बघा. माझ्या मावसभाचीने हे केलं आणि घर बदललं. तिने घेतलेल्या घराला पोहण्याचा तलाव नाही, पण खालच्या बोडेगाचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाचा, मालक आता तिला "मिरची ज्यादा?" असं विचारायला शिकलाय.